मारबतीची मीटिंग

"मॅम, हिला नाक काढू का?" प्राचीनं विचारलं.

तिच्या हातात काळं स्केचपेन होतं आणि समोर, मीटिंगच्या खोलीत, खुर्चीला टेकवून उभी केलेली आमची मारबत होती. कॉम्प्युटरच्या खोक्यांचे पुठ्ठे, रद्दीतले प्रिंटआउट आणि पिवळा घोटीव कागद यांची केलेली कंबरेएवढी बाई.

"नाक काढ, नथही काढ," मी म्हटलं. "जाताना नटून जाऊ दे बिचारीला."

सगळे हसले. विलासभाऊ गावंडे तेवढे कोपऱ्यातल्या खुर्चीवर हातांची घडी घालून बसले होते. ते कधीच हसत नसत, असं मला तोवर वाटायचं.

नागपूरबाहेरच्यांना थोडं सांगायला हवं. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्या शहरात मारबतीची मिरवणूक निघते. कागद-बांबूच्या, काळी आणि पिवळी अशा दोन अवाढव्य बाया इतवारी-महालातून नाचवत नेतात. "इडा पिडा घेऊन जा गे मारबत!" म्हणून लोक घसा फुटेस्तोवर ओरडतात आणि शेवटी गावाबाहेर नेऊन त्या जाळून टाकतात. वर्षाचं सगळं दुखणंखुपणं तिच्यासोबत गेलं, असं समजायचं.

त्या वर्षी आमची रेट्रो पोळ्याच्या आठवड्यात आली होती. मी तेव्हा खासगी बसगाड्यांच्या तिकिटांचं सॉफ्टवेअर करणाऱ्या एका कंपनीत होते. टीमच्या मीटिंगा घेणं, कामातले अडथळे काढणं हे माझं काम. अधिकार कोणावरच नाही, म्हणून सगळं गोडीगुलाबीनं करून घ्यावं लागे. दर दोन आठवड्यांनी टीमला एकत्र बसवून काय जमलं, काय फसलं, पुढे काय बदलायचं हे बोलतं करायचं, याला आम्ही रेट्रो म्हणायचो. बाकीच्या टीममध्ये ती अर्ध्या तासात जांभया देत उरकत. माझ्या रेट्रोत कधी पतंग असायचे, कधी मातीची भांडी, कधी प्रत्येकानं दुसऱ्याची नक्कल करायची. माणसाच्या हातांना काम दिलं की तोंड आपोआप उघडतं, हे मला फार लवकर कळलं होतं. मला त्याचा अभिमान होता. खोटं कशाला बोलू, बराच होता.

आणि त्या दिवशी बोलण्यासारखं खूप होतं. पंधरा दिवसांपूर्वी, राखीच्या सुट्टीत, आमच्या सॉफ्टवेअरमधून एकाच सीटची दोन-दोन तिकिटं निघाली होती. भावाकडे निघालेल्या बाया बसस्टँडवर भांडल्या, एका कंडक्टरला मार पडला, इंदूरचा बसमालक फोनवर अर्वाच्य बोलला. तेव्हापासून टीम मान खाली घालून काम करत होती.

मी सुरू करणार, तोच दार उघडलं आणि टाकळकर सर आत आले. ते आमचे वरिष्ठ, डिलिव्हरी मॅनेजर. हसतमुख माणूस, प्रत्येकाच्या मुलांची नावं लक्षात ठेवणारा.

"मंजुषा, मी बसू का मागे? तुझ्या या मीटिंगांबद्दल फार ऐकून राहिलो. एकदा पाहू तर दे."

मी टीमकडे पाहिलं. रेट्रोत वरिष्ठ नको, हा माझा नियम होता आणि तो त्यांनाही ठाऊक होता.

"सर, इथे जे बोललं जातं ते इथेच राहतं," मी म्हटलं.

"हो न! मी शब्द देतो, सगळ्यांसमोर देतो." त्यांनी गळ्याला चिमटा घेतला. "या खोलीतलं खोलीत. मला नसल्यासारखं समजा."

सगळे पुन्हा हसले. प्राचीनं त्यांना खुर्ची सरकवून दिली.

मग मजा आली. प्रत्येकानं आपल्याला छळणारी गोष्ट कागदावर लिहायची, मारबतीच्या लुगड्याला टाचायची आणि मोठ्यानं सांगायची. बाकीच्यांनी ओरडायचं, घेऊन जा गे मारबत!

"सकाळी सहाला येणारे इंदूरचे फोन!" एकानं सुरुवात केली.

"घेऊन जा गे मारबत!"

"टेस्टिंगला ऐन वेळी येणारं काम," प्राची म्हणाली. ती टेस्टर होती. "आणि वर म्हणायचं, प्राची, जरा पाहून घे न पटकन!"

"घेऊन जा गे मारबत!" शेजारच्या टीमचे लोक काचेतून डोकवायला लागले. टाकळकर सर टाळ्या वाजवत होते.

सगळ्यांचं झालं. विलासभाऊ राहिले होते.

ते आमच्यात वयानं सगळ्यात मोठे, चव्वेचाळीसचे. डेटाबेसचं काम त्यांच्याइतकं कोणाला येत नसे. सॉफ्टवेअरमधला कोणताही बदल बाहेर जाण्याआधी त्यांच्या नजरेखालून जायचा. रेट्रोत ते दर वेळी एकच वाक्य बोलत, "माझं काही नाही." त्या दिवशी मी त्यांना तेवढ्यावर सोडलं नाही. त्यांच्याजवळची खुर्ची ओढून बसले आणि हळू विचारलं, "भाऊ, जबरदस्ती नाही. पण काही असेल तर ही आज जाणारच आहे."

त्यांनी मारबतीकडे पाहिलं. मग माझ्याकडे. मग बोलायला लागले, इतक्या खालच्या आवाजात की मागच्यांना पुढे सरकावं लागलं.

"राखीच्या वेळची चूक माझी होती. तो बदल मी वाचलाच नव्हता. उघडला, पाहिला आणि हो म्हटलं. खूप दिवसांपासून असं होऊन राहिलं. अक्षरं दिसतात, पण डोक्यात उतरत नाहीत. तीच ओळ पुन्हा पुन्हा वाचतो. रात्री झोप नाही. सकाळी ऑफिसला निघतो, पण आधी फुटाळा तलावावर जाऊन बसतो. पाण्याकडे पाहत. घरी माहीत नाही. आज पहिल्यांदा सांगून राहिलो."

त्यांनी हातातला कोरा कागद उलटून पाहिला.

"काय घेऊन जायला सांगू, ते मला माहीत नाही," ते म्हणाले. "ही भीती घेऊन गेली तरी पुष्कळ."

कोणी ओरडलं नाही. प्राचीनं त्यांच्या हातातला कोरा कागद घेतला, मारबतीच्या छातीशी टाचला आणि अगदी हळू म्हणाली, "घेऊन जा गे मारबत." मग एकेकानं तेच म्हटलं, देवळात म्हणावं तसं. माझे डोळे भरून आले होते.

त्यानंतर जे झालं त्यासाठीच खरं तर रेट्रो असते. एकानं कबूल केलं की तोही घाईत न वाचता पुढे ढकलतो. प्राची म्हणाली, एवढा सगळा भार एकाच माणसावर टाकणं हेच चुकलं. यापुढे प्रत्येक बदल दोघांनी वाचायचा, असं ठरलं. काही आठवडे विलासभाऊंनी हलकं काम घ्यायचं, तेही ठरलं. शेवटी पार्किंगच्या मागे नेऊन आम्ही मारबत जाळली. वॉचमननं बादलीभर पाणी आधीच आणून ठेवलं होतं. टाकळकर सरांनी विलासभाऊंच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "हिंमत लागते, गावंडे."

दुसऱ्या दिवसापासून विलासभाऊ डबा घेऊन आमच्यात जेवायला बसू लागले. एकदा तर त्यांनी प्राचीच्या डब्यातली वांग्याची भाजी मागून घेतली आणि हसले. डॉक्टरकडे जाऊन राहिलो, असं मला लिफ्टमध्ये सांगितलं. मी घरी आईला म्हटलं, माझ्या नोकरीत इतकं चांगलं काही आजवर घडलं नाही.

गणपती गेले. त्यानंतरच्या सोमवारी विलासभाऊ आले नाहीत. मंगळवारीही नाही. फोन बंद. बुधवारी प्राची माझ्या टेबलाशी आली.

"मॅम, भाऊंना मेल पाठवला तर परत येऊन राहिला. असा पत्ताच नाही म्हणते."

मी तशीच उठून टाकळकर सरांच्या केबिनमध्ये गेले.

"ये, ये," ते म्हणाले. "मीच तुला बोलावणार होतो. बस."

"सर, विलासभाऊ..."

"हो. शुक्रवारी त्यांचा राजीनामा घेतला. शांतपणे झालं सगळं. त्यांनी काहीच वाद घातला नाही."

"पण का?"

"इंदूरवाल्याला नाव पाहिजे होतं, मंजुषा. दोन आठवडे तो माझ्या मागे लागला होता. कोणाची चूक, कोणाची चूक. मला तरी कुठे माहीत होतं? रेकॉर्ड पाहिलं तर बदल करणाऱ्यापासून टेस्टिंगपर्यंत सगळ्यांनीच हो म्हटलेलं. आणि मग हा माणूस स्वतःच्या तोंडानं सांगतो."

"तुम्ही शब्द दिला होता. सगळ्यांसमोर."

ते जरा दुखावल्यासारखे झाले. "मी कोणाला काय सांगितलं? त्या खोलीतलं एक अक्षर बाहेर काढलं नाही. फक्त गावंडेंना बोलावून विचारलं की त्या दिवशी तुम्ही हे बोललात, खरं आहे का? ते म्हणाले, खरं आहे. आता ऐकलेलं मी विसरू कसं, तूच सांग. उद्या पुन्हा तसं झालं तर मलाच विचारतील न, तुम्हाला माहीत होतं, तरी ठेवलं कसं?"

त्यांनी पाण्याचा ग्लास माझ्याकडे सरकवला.

"ते जाऊ दे. मी तुला वेगळ्याच कामासाठी बोलावणार होतो. तुझी पद्धत जबरदस्त आहे. सहा महिने चौकशा करून मला जे कळलं नसतं, ते तू तासाभरात काढलंस. माणसं तुझ्यापुढे मोकळी होतात, ही देणगी आहे. आता बाकीच्या टीमच्या रेट्रोही तूच घे. मी येत जाईन मागे बसायला."

त्यांनी हे मनापासून म्हटलं होतं. त्यांच्या चेहऱ्यावर थट्टा नव्हती, कावाही नव्हता. एखाद्या चांगल्या कारागिराचं कौतुक करावं तसं ते माझं कौतुक करत होते. मला मात्र लहानपणी शाळेच्या स्टेजवर चड्डी सुटलेल्या मुलासारखं वाटलं, सगळ्यांना दिसतंय आणि मला धड झाकताही येत नाही. मी त्या माणसाच्या जवळ खुर्ची ओढून बसले होते. हळू आवाजात 'जबरदस्ती नाही' म्हटलं होतं. चौकशीसाठी याहून चांगला माणूस कुठून मिळाला असता?

पुढची रेट्रो आली. मी काही नेलं नाही. कागद नाही, रंग नाही. टीम टेबलाभोवती बसली.

"कसे गेले दोन आठवडे?" मी विचारलं.

"छान."

"छान गेले, मॅम."

"सगळं ठीक."

प्राची टेबलावर नखानं रेघ ओढत होती. मी तिचं नाव घेतलं.

"माझं काही नाही, मॅम," ती म्हणाली.

ते विलासभाऊंचं वाक्य होतं. तिच्याही ते लक्षात आलं असावं, कारण तिचे कान लाल झाले.

तेवढ्यात दार उघडलं. टाकळकर सर आत आले आणि भिंतीशी खुर्ची लावायला लागले.

"सर, तुम्ही बाहेर जा," मी म्हटलं.

"अगं, मी नुसता..."

"तुम्ही बाहेर गेल्याशिवाय मी मीटिंग घेणार नाही. यांनी इथे सांगितलेलं तुम्ही वापरलंत. विलासभाऊंची नोकरी त्यामुळे गेली. सगळ्यांना माहीत आहे, फक्त कोणी बोलत नाही."

टाकळकर सर हसायचे थांबले. त्यांनी खुर्ची होती तिथे ठेवली, दार हळू लावून घेतलं आणि गेले.

क्षणभर मला वाटलं, जमलं. आता कोणी तरी बोलेल. मी प्राचीकडे पाहिलं.

"आता काय फायदा, मॅम?" ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. "तुम्ही खूप चांगलं विचारता. म्हणूनच भीती वाटते."

मीटिंग तिथेच संपली.

महिनाभरात मला त्या कामावरून काढून कागदपत्रं तपासायच्या कामाला बसवलं. कारण कोणी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. मी राजीनामा दिला आणि तो दिल्यावरच, दिवाळीच्या आधीच्या रविवारी सकाळी, विलासभाऊंच्या घरी जायचा धीर झाला. तोवर दोनदा हुडकेश्वर रोडपर्यंत जाऊन स्कूटी वळवली होती.

बैठं घर होतं, अंगणात सीताफळाचं झाड. दार वहिनींनी उघडलं. मी नाव सांगितलं.

त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "तुम्हीच का त्या मारबतवाल्या मॅडम?"

"हो," मी म्हटलं. दुसरं काही म्हणण्यासारखं नव्हतं.

विलासभाऊ आतून आले. वजन उतरलं होतं, पण दाढी केलेली होती, शर्ट इस्त्रीचा होता. "अरे, मंजुषाताई! या, या. बसा."

मी बसले. वहिनी बसल्या नाहीत. दाराच्या चौकटीला टेकून उभ्या राहिल्या.

"भाऊ, मी माफी मागायला आले," मी म्हटलं.

"तुमचं काय चुकलं? तुम्ही थोडीच काही केलं. शब्द त्यांनी मोडला. त्या शुक्रवारी त्यांनी मला माझीच वाक्यं वाचून दाखवली. फुटाळ्याचंसुद्धा. शब्द माझेच होते, पण त्यांच्या तोंडून ऐकले तर दुसऱ्याच कोणाचे वाटले. असा माणूस मीही कामावर ठेवला नसता."

"असं नका बोलू."

"खरं सांगू का, त्या मारबतीच्या दिवशी घरी आलो न, तर झोप लागली. कितीतरी महिन्यांनी. दुसऱ्या दिवशी हिला सगळं सांगितलं. मग डॉक्टर. तुम्ही विचारलं नसतं तर मी बोललोच नसतो."

"आधी मला सांगायचं होतं," वहिनी चौकटीतून म्हणाल्या. "पूर्ण ऑफिसला काऊन सांगायचं? घरचं माणूस पाण्याकडे पाहत बसते, हे परक्यांना आधी कळलं. बायकोला मागून."

विलासभाऊंनी मान खाली घातली. मीही.

"जाऊ दे न आता," ते म्हणाले. मग एकदम उत्साहानं माझ्याकडे वळले. "बरं झालं आलात. उद्या मुलाखत आहे माझी. वर्ध्याला, एका सहकारी बँकेत. कॉम्प्युटर विभागात माणूस पाहिजे त्यांना. काम सगळं येते मला, त्याची भीती नाही. पण ते विचारतील न, जुनी नोकरी काऊन सोडली?"

"विचारतील."

"सांगू का खरं? की असं असं झालं होतं, औषध चालू आहे, आता बरा आहे? तुम्हाला यातलं कळते, म्हणून विचारतो."

मला उत्तर तोंडपाठ होतं. मोकळेपणानं विश्वास तयार होतो. आपण आपली अडचण सांगितली की समोरचाही माणूस होतो. ही वाक्यं मी कितीतरी खोल्यांमधून, कितीतरी लोकांपुढे म्हटली होती, आणि म्हणताना ती मला खरी वाटत होती. आता ती ओठांपर्यंत आली, त्याच ऊबदार, समजावणाऱ्या आवाजात. मी खुर्चीवर थोडी पुढेही सरकले होते, त्यांच्या जवळ. ते माझं मलाच कळलं आणि मी मागे टेकले.

वहिनी माझ्याकडे पाहत होत्या. विलासभाऊही. त्या दिवशीसारखंच, पूर्ण भरवशानं.

"नका सांगू," मी म्हटलं.

"नको?"

"नको, भाऊ. घराजवळ काम पाहिजे म्हणा. आईवडिलांचं दुखणं म्हणा. काहीही सांगा. हे सांगू नका."

त्यांच्या चेहऱ्यावरचं काहीतरी उतरलं, आणि ते मी उतरवलं होतं. मग हळूहळू मान हलली. "बरोबर आहे. आईवडील तर नाहीत आता. घराजवळचं म्हणतो. पण वर्धा काही घराजवळ नाही." आणि ते हसले.

मी हसू शकले नाही. माणसांना बोलतं करण्याचं शिक्षण घेतलेली मी, आणि ज्याला सगळ्यात कठीण बोलणं जमलं होतं त्यालाच तोंड मिटायला शिकवून आले होते. तेही खरंच त्याच्या भल्यासाठी. खाली जमीन असती तर तिच्यात गेले असते, पण ती फरशी होती, नुकतीच पुसलेली.

वहिनींनी चौकट सोडली. त्यांच्या आवाजात पहिल्यांदाच धार नव्हती.

"बसा," त्या मला म्हणाल्या. "चहा ठेवते."

वर्ध्याची नोकरी त्यांना लागली. अजून तिथेच आहेत. दिवाळीला न चुकता त्यांचा फोन येतो. बँकेचं, वहिनींचं, सीताफळांचं बोलतात. त्या मुलाखतीत त्यांनी काय सांगितलं, हे मी त्यांना आजवर विचारलेलं नाही.